आधी कुणाला दाखवलंत?

मलेशियातल्या केलांतान राज्याची राजधानी कोता बारू. इथल्या एका सरकारी रुग्णालयात, मानसोपचाराच्या खोलीत, घरच्यांची परवानगी घेऊन मी कोपऱ्यात बसले आहे. शेजारची समाजसेविका मलय बोलणं मला हलक्या आवाजात समजावून सांगते.

समोर विशीतला मुलगा, नजर फरशीवर. आईनं मांडीवर पाण्याची बाटली घट्ट धरलेली. डॉक्टरही मलयच, डोक्याला तुडुंग, म्हणजे रुमाल, बांधलेल्या. तक्रार विचारण्याआधी त्या विचारतात, "मकचिक, आधी कुणाला दाखवलंत?" मकचिक म्हणजे मावशी.

आई चाचरते. डॉक्टर रागावत नाहीत असं दिसल्यावर सगळं सांगते. केळीच्या बागेतून कुणीतरी हाका मारतंय असं मुलगा म्हणू लागला, तेव्हा गावातला बोमोह, म्हणजे मांत्रिक, म्हणाला, आजोबांनी पाळलेली साका, घराण्यात वारशानं येणारं भूत, आता नातवाला धरून बसलीय. पुढे उस्तादांनी, म्हणजे धर्मशिक्षकांनी, कुराणातल्या आयती पढून पाणी दिलं, तेच या बाटलीत. सात महिने गेले. रुग्णालयाचं नाव काढलं की दीर म्हणायचे, "तांजुंग रांबुतानला टाकणार का पोराला?" तिथलं मनोरुग्णालय 1911 सालचं. त्या गावाचं नाव अजून वेड्यांचं म्हणून घेतात.

बोमोहकडे जाणाऱ्यांना अडाणी म्हणणं मला पटत नाही. साका लागली म्हटलं की पोरगा वेडा ठरत नाही, आईच्या वाढवण्याकडे कुणी बोट दाखवत नाही, दोष घराण्यातल्या जुन्या भुताकडे जातो. एवढा आधार सोडून सरकारी बाकावर येऊन बसायला धाडसच लागतं. पण तेच सात महिने या मुलानं भीतीत, झोपेवाचून काढलेत, हेही डोळ्यांसमोर आहे. 1996 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 134 मलय मनोरुग्णांपैकी सुमारे 53 टक्के जण आजाराचं मूळ बाहेरच्या शक्तीत बघत होते, आणि असं मानणाऱ्यांमध्ये औषधं नेमानं न घेण्याचं प्रमाण जास्त होतं. आईनं बाटली लपवली असती, तर गोळ्याही घरी लपूनच राहिल्या असत्या. म्हणून डॉक्टरांचा तो पहिला प्रश्न मला मोलाचा वाटतो.

"पाणी देत राहा," डॉक्टर म्हणतात. "पाला-मुळ्या मात्र मला विचारल्याशिवाय पोटात देऊ नका. आणि कुणी त्याला मारायचं नाही, कोंडायचं नाही."

"पुढच्या आठवड्यात रमजान. रोजे?"

"झेपतील तेवढे. गोळी एकदाच, रात्री तरावीहच्या नमाजानंतर झोपताना. सुरुवातीला गुंगी येईल."

मुलगा पहिल्यांदाच मान वर करतो. "मग पहाटे सहूरच्या जेवणाला जाग कशी येणार?"

"मी उठवीन ना," आई म्हणते.

"पहिले काही दिवस उठवू नका, मकचिक. त्याला झोप हवीय. आजाऱ्याचे रोजे नंतर भरून काढता येतात."

आई मान डोलावते, पण दीर काय म्हणतील हे तिच्या चेहऱ्यावर दिसतंच. डॉक्टर दोन आठवड्यांनंतरची तारीख कार्डावर लिहितात आणि सांगतात, त्या दिवशी दिरांनाही घेऊन या.