शेंड्यावरची फळं

कडावच्या बालदिगंबर गणेशाचं दर्शन घेऊन घरी आलो. तबकात प्रसादाचा नारळ आणि दोन केळी होती. ती समोर मांडून नात चित्र काढायला बसली. एलिमेंटरीची तयारी! राज्याच्या या रेखाकला परीक्षेत वस्तुचित्राचा पेपर असतो. उजेड कुठून येतो, सावली कुठे पडते, हे तिला पक्कं ठाऊक. मी विचारलं, "देवापुढे नारळच का गं?"

"आजोबा, त्याला मार्क नसतात."

खरंच नसतात. ओटीतला नारळ काय मागतो, हे घरात कळतं. ड्रॉइंगच्या वर्गात तोच नारळ नुसता गोल आकार होतो.

कोरियात तसं नाही. तिथल्या जुन्या लोकचित्रांत दाण्यांनी भरलेलं डाळिंब म्हणजे पुष्कळ लेकरं, पीच म्हणजे दीर्घायुष्य. आजचे चित्रकार ओ ची-ग्युन ब्रश बाजूला ठेवून बोटांनी रंग लावतात. त्यांनी पर्सिमॉनची झाडं रंगवली. हे फळ आपल्या टेंभुर्णीच्या जातकुळीतलं. फळं उतरवताना शेंड्यावरची दोन-चार पाखरांसाठी ठेवायची, अशी तिथली रीत. त्यामुळे पानं झडलेल्या फांदीवरचं केशरी फळ पाहताना तिथल्या माणसाला थंडी दिसते आणि मायाही.

आपल्याकडेही वस्तूंना बोलतं करणारे चित्रकार झाले. रायगडातल्याच नागावचे प्रभाकर बरवे (१९३६-१९९५) साध्या पानाकडे, घड्याळाकडे असं पाहत की ती वस्तू ओळखीची राहूनही परकी वाटावी. त्यांचं 'कोरा कॅनव्हास' (१९९०) मी निवृत्तीनंतर वाचलं. जरा उशीरच झाला.

कारण आंबे उतरवताना माझी आईही गड्याला बजावायची, "शेंड्याचे राहू देत, तो पाखरांचा वाटा." पुढे बँकेत मी कर्जासाठी कितीतरी बागा मोजल्या. इतकी झाडं, इतकं उत्पन्न, इतका हप्ता. पाखरांच्या वाट्याला फॉर्ममध्ये रकाना नव्हता. आईच्या पश्चात आमची आमराई मीच विकली. हिशेबात एक पैचीही चूक नव्हती. आज तिथे कुणाचं तरी फार्महाऊस आहे.

एलिमेंटरीत स्मरणचित्राचाही पेपर असतो. माझ्याकडे आता तेवढंच उरलं आहे. म्हणून नातीला शेंड्यावरच्या आंब्यांची गोष्ट सांगितली. तिने पेन्सिल खाली ठेवून ऐकली आणि विचारलं, "किती ठेवायचे, आजोबा?"

बँकेत असतो तर आकडा सांगितला असता.