साखरेचा ऑनलाइन सल्ला : पैसे भरण्यापूर्वी माल पारखा

आम्हा कापड व्यापाऱ्यांची सकाळपासून रात्रीपर्यंत गादीवर बैठक. गिऱ्हाईक आले की चहा, दलाल आला की चहा. कारागीर बांधवांचेही तेच. मशीनवर बसले की जेवायलाच उठायचे. अशाने वजन वाढते आणि मागोमाग साखरेचा आजार येतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे.

या आजारावर मोबाईलवरून मार्गदर्शन करणाऱ्या बऱ्याच कंपन्या आता निघाल्या आहेत. पैसे भरले की एक सल्लागार मिळतो. काय खाल्ले, किती चाललो, साखर किती आली, हे त्याला रोज कळवायचे. तो आहार व व्यायाम सुचवतो आणि पाठपुरावा करतो.

याचा फायदा होतो काय? होऊ शकतो. दक्षिण भारतात मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३७ नोकरदार पुरुषांवर एक प्रयोग झाला. आहार-व्यायामाचा सल्ला सर्वांनाच दिला होता. निम्म्यांना त्याशिवाय मोबाईलवर नियमित संदेश पाठवले. २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन वर्षांत संदेश न मिळालेल्यांपैकी शेकडा २७ जणांना मधुमेह झाला, संदेश मिळालेल्यांत शेकडा १८ जणांना. कोणीतरी रोज हिशेब विचारतो, हीच यातली खरी किंमत.

मात्र एक धोका मी स्वतः भोगला आहे. मी अशीच एक योजना घेतली. सल्लागाराने पोळी-भात एकदम कमी करायला सांगितले. मी साखरेची कोणती गोळी घेतो, हे त्याने विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. चौथ्या दिवशी दुपारी कापड मोजताना हात कापू लागले, घाम फुटला. मुलाने साखरपाणी पाजले म्हणून निभावले. डॉक्टरांनी गोळीची मात्रा कमी केली. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण घटवले तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. रोजे धरणाऱ्यांनाही हाच धोका असतो; म्हणून रमजानपूर्वीच डॉक्टरांकडून मात्रा व वेळ ठरवून घ्यावी.

तेव्हा पैसे भरण्यापूर्वी पुढील गोष्टी विचारून घ्याव्यात :

१) औषधात बदल कोण करणार? ते काम नोंदणीकृत डॉक्टरांचेच आहे. त्यांचा नोंदणी क्रमांक मागावा.

२) सल्लागार माणूस आहे की यंत्रातून येणारे ठरावीक संदेश? महिन्यातून किती वेळा बोलणार?

३) आहार आपल्या घरच्या भाकरी, डाळ, गोश्त यांत बसवून देणार काय? महागडी पावडर गळ्यात मारत असतील तर दूर राहावे.

४) मध्येच सोडल्यास पैसे परत मिळतील काय? हे लेखी घ्यावे. आधी एकच महिना घेऊन पाहावा. फसवणूक वाटल्यास ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

'मधुमेह कायमचा बरा' या जाहिरातीला भुलू नये. औषध बंद करून किमान तीन महिने झाल्यावरही एचबीएवनसी साडेसहा टक्क्यांच्या खाली असेल, तर डॉक्टर त्याला 'रेमिशन' म्हणतात. वजन घटवून काहींना ते साधते. पण वजन पुन्हा वाढले की साखरही परतू शकते. तपासणी सुटत नाही.

ज्यांना हा खर्च झेपत नाही त्यांनी एक वही घालावी. जेवण, चालणे, साखर रोज लिहावी आणि घरच्या एखाद्याला दर रात्री दाखवावी. रोजमेळ न लिहिणाऱ्या दुकानाचे दिवाळे कधी निघाले ते मालकालाही कळत नाही. शरीराचेही तसेच आहे.