पिंजऱ्यातील नवा सोबती

घरात पाळलेला पक्षी दिवसभर एकटाच दांडीवर बसून असतो. मोठी माणसे कामावर, मुले शाळेत. त्याला सोबत हवी असे वाटणे स्वाभाविकच आहे. मग एके दिवशी बाजारातून दुसरा पक्षी येतो आणि त्याच संध्याकाळी त्याच पिंजऱ्यात सोडला जातो. हेतू दयेचा असतो; पण ही घाई कित्येकदा जुन्या पक्ष्याच्या जिवावर बेतते.

पोपट म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लाल चोचीचा, गळ्यात कंठ असलेला हिरवा रावा येतो. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशी पोपटांना संरक्षण दिलेले आहे. त्यांना पकडणे वा विकणे हा गुन्हा आहे. तेव्हा येथे विचार करावयाचा तो मूळच्या परदेशी, पण पिंजऱ्यातच जन्मलेल्या पक्ष्यांचा. म्हणजे ऑस्ट्रेलियातील बजरीगर व कॉकाटील आणि आफ्रिकेतील लव्हबर्ड यांचा. आफ्रिकेतील करड्या पोपटासारखा पक्षी असेल, तर २०२४ च्या नियमांप्रमाणे त्याची शासनाकडे नोंदणी करावी लागते. कागदपत्रांचा आग्रह ही आम्हा सरकारी नोकरांची खोडच म्हणा. तरीही विक्रेत्याची पावती जपून ठेवावी.

आता मुख्य गोष्ट. नवा पक्षी निदान ३० ते ४५ दिवस वेगळ्या खोलीत ठेवला पाहिजे. एकाच खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात ठेवणे म्हणजे वेगळे ठेवणे नव्हे. पोपटाच्या जातीला होणारा एक विशेष ज्वर आहे. वैद्यक त्यास सिटॅकोसिस म्हणते; आपण पोपटज्वर म्हणू. त्याचे जंतू वाळलेल्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीतून श्वासावाटे पसरतात. वरून धडधाकट दिसणारा पक्षीही ते बाळगून असू शकतो. आणि प्रवास, गर्दी, नवे घर यांचा ताण पडला की ते त्याच्या शरीरातून अधिक प्रमाणात बाहेर पडू लागतात. म्हणजे तो आपल्या घरी येतो नेमक्या त्याच दिवसांत धोका सर्वांत मोठा! हा ज्वर माणसालाही होतो. १९२९-३० साली दक्षिण अमेरिकेतून आणलेल्या पोपटांमुळे युरोप व अमेरिकेत त्याची साथ पसरून माणसे दगावली होती. आज त्यावर प्रभावी औषधे आहेत. मात्र घरात कोणाला ताप, तीव्र डोकेदुखी व कोरडा खोकला झाला, तर घरी पक्षी आहे हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. ते सहसा विचारीत नाहीत.

या काळात दाणापाणी प्रथम जुन्याला द्यावे, मग नव्याला, आणि नंतर हात साबणाने धुवावेत. वाट्या व फडकी निराळी असावीत. शीट कोरडी झाडू नये. ओल्या कागदाने पुसून घ्यावी. पक्षी आपला आजार लपवितो, कारण थव्यातील दुबळ्यावर ससाण्याची नजर आधी जाते. दिवसाही पिसे फुलवून बसणे आणि श्वासागणिक शेपटी हलणे या खुणा दिसेपर्यंत दुखणे बरेच वाढलेले असते. त्यापेक्षा रोज सकाळी तराजूवर वजन करावे. बजरीगर असतो सुमारे ३० ते ४० ग्रॅमचा. त्यात तीन-चार ग्रॅमची घट म्हणजे पक्षिवैद्याकडे जाण्याची वेळ झाली. चोच व पिसे झडविणारा एक विषाणूही आहे. त्यावर औषध नाही, आणि तो महिनोन्महिने गुप्त राहू शकतो; म्हणून दिवस मोजून भागत नाही, त्याची प्रयोगशाळेतील तपासणीही करून घ्यावी.

एवढे झाल्यावर ओळख. दोन्ही पिंजरे एका खोलीत आणावे, पण दूर. मग काही दिवसांनी थोडे जवळ. ते इतके चिकटू नयेत की एकाच्या गजांवरची बोटे दुसऱ्याच्या चोचीत सापडतील. लव्हबर्ड याबाबतीत नावाला मुळीच जागत नाही. शेजाऱ्याची बोटे तोडण्यात तो पटाईत असतो, आणि गरीब स्वभावाच्या कॉकाटीलाबरोबर त्याला कोंडणे हा निव्वळ अन्याय होय. नव्याला जुन्याच्या पिंजऱ्यात कधीही सोडू नये, कारण ते त्याचे राज्य असते. पहिली भेट दोघांनाही परक्या अशा जागी, आपल्या देखत, थोडा वेळच घडवावी. खिडक्या बंद कराव्यात, आरसा झाकावा, आणि छताचा पंखा बंद आहे ना हे स्वतः पाहावे. घरटे करण्याची पेटी ठेवू नये; तिच्यावरून भांडणे जुंपतात.

मालकाचा फार लळा लागलेला पक्षी दुसऱ्याला कधीच स्वीकारीत नाही, असेही घडते. अशा वेळी बळजबरी न करता दोन पिंजरे कायमचे ठेवावेत. थोड्या अंतरावरून एकमेकांना साद घालीत ते सुखाने राहतात.