डोंगर टिपायला किती मेगापिक्सेल?

शाळेच्या निसर्गमंडळासाठी चांगला कॅमेरा घ्यायचे ठरले, की पहिला प्रश्न बहुधा हाच येतो: किती मेगापिक्सेलचा घ्यायचा? जाहिराती सांगतात, आकडा मोठा तो कॅमेरा चांगला. निसर्गदृश्ये टिपायची असतील तर हा मोह अधिकच होतो. पायाशी असलेले फूल, मधले गवत, दूरच्या कड्यावरची भेग, सगळेच चित्रात स्पष्ट यायला हवे असते. पैसे मात्र एकदाच खर्च करता येतात. म्हणून या आकड्याचा अर्थ काय आणि तो कुठपर्यंत उपयोगी पडतो, हे शाळेत शिकवतो त्याच गणिताने तपासून पाहू.

अडीचपट आकडा, दीडपट बारकावा

डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी संवेदक असतो. त्यावर प्रकाश मोजणारे अतिशय बारीक चौकोन ओळीने मांडलेले असतात. हे पिक्सेल. दहा लाख पिक्सेल म्हणजे एक मेगापिक्सेल. जुन्या ३५ मिमी फिल्मवरील चित्राएवढा, म्हणजे ३६ × २४ मिमीचा संवेदक असलेल्या कॅमेऱ्यांना 'फुल फ्रेम' म्हणतात. निकॉनच्या डी८०० (२०१२) मध्ये या मापाच्या संवेदकावर ३६ मेगापिक्सेल होते, कॅननच्या ५डीएस (२०१५) मध्ये ५० आणि सोनीच्या ए७आर ४ (२०१९) मध्ये ६१.

आता २४ आणि ६१ मेगापिक्सेलची तुलना करू. पहिल्याच्या चित्रात आडवे ६००० आणि उभे ४००० पिक्सेल असतात, दुसऱ्याच्या चित्रात ९५०४ आणि ६३३६. एकूण संख्या अडीचपट झाली, पण एका ओळीतले पिक्सेल १.६ पटच वाढले. कारण उघड आहे. मेगापिक्सेल हे क्षेत्रफळासारखे आहेत, तर बारकावा लांबीसारखा. दुप्पट बारकावा हवा असेल तर चौपट पिक्सेल लागतात. एका पिक्सेलची रुंदी पहिल्यात ३६ ÷ ६००० = ०.००६ मिमी, म्हणजे ६ मायक्रॉन होते. दुसऱ्यात सुमारे ३.८ मायक्रॉन.

आधी डोळ्याला विचारा

वर्गात एक प्रयोग करून पाहा. पांढऱ्या कागदावर १ मिमी जाडीच्या काळ्या रेघा, मध्ये १ मिमी जागा सोडून काढा. कागद भिंतीवर लावून विद्यार्थ्यांना हळूहळू मागे सरकायला सांगा. साधारण साडेतीन मीटरच्या आसपास रेघा एकमेकींत मिसळतात आणि कागद करडा दिसू लागतो. निरोगी डोळा अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन ओळखू शकतो, त्याचा हा पडताळा. याच हिशेबाने ३० सेंमी अंतरावरून डोळ्याला ०.०९ मिमीपेक्षा लहान तपशील वेगळा दिसत नाही, तर १ मीटरवरून ०.२९ मिमीपेक्षा लहान दिसत नाही.

म्हणजे २४ मेगापिक्सेलचे चित्र अगदी जवळून पाहायचे असेल तर ६००० × ०.०९ = ५४० मिमी, म्हणजे ५४ सेंमी रुंद छापता येईल. ६१ मेगापिक्सेलचे सुमारे ८५ सेंमी. पण चित्र भिंतीवर लावून मीटरभर अंतरावरून पाहायचे असेल तर २४ मेगापिक्सेलही पावणेदोन मीटर रुंदीला पुरतात! शाळेच्या भिंतीला यापेक्षा जास्त काय लागणार? चित्राचा छोटासा भाग कापून मोठा करायचा असेल किंवा मोठ्या चित्राला नाक लावून पाहणारे प्रेक्षक असतील, तरच अधिक पिक्सेलची गरज पडते.

प्रकाशाने घातलेली मर्यादा

समजा, अशी गरज आहे. मग ६१ मेगापिक्सेलचा कॅमेरा घेतला की ६१ मेगापिक्सेलचा तपशील मिळतोच का? इथे विवर्तन आडवे येते. पाण्याची लाट अरुंद फटीतून गेली की पसरते, तसाच प्रकाशही भिंगाच्या छिद्रातून जाताना पसरतो. त्यामुळे दूरच्या बिंदूची प्रतिमा बिंदू न राहता लहानशी चकती होते. छिद्र जितके लहान, तितकी चकती मोठी. भिंग कितीही महाग असले तरी यातून सुटका नाही.

छिद्राचे माप 'एफ-आकड्या'ने सांगतात. भिंगाचे नाभीय अंतर भागिले छिद्राचा व्यास म्हणजे एफ-आकडा. आकडा मोठा, तर छिद्र लहान. संवेदकावर दोन बिंदू वेगळे ओळखू येण्यासाठी त्यांच्यात किमान १.२२ × तरंगलांबी × एफ-आकडा इतके अंतर लागते. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रॉन घेऊ. दोन बिंदूंच्या मधली फट नोंदवायची तर त्या अंतरात दोन पिक्सेल बसायला हवेत. मग फुल फ्रेम संवेदकासाठी हिशेब असा येतो:

एफ/८ : अंतर ५.४ मायक्रॉन, उपयोगी पडतील असे सुमारे १२० मेगापिक्सेल
एफ/११ : अंतर ७.४ मायक्रॉन, सुमारे ६३ मेगापिक्सेल
एफ/१६ : अंतर १०.७ मायक्रॉन, सुमारे ३० मेगापिक्सेल
एफ/२२ : अंतर १४.८ मायक्रॉन, सुमारे १६ मेगापिक्सेल

हे आकडे ढोबळ आहेत. प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवी किंवा निळी यांपैकी एकच गाळणी असते, त्यामुळे प्रत्यक्षात थोडे अधिक पिक्सेल लाभाचे ठरतात. शिवाय बारकावा एकाएकी संपत नाही, हळूहळू फिका होत जातो. पण दिशा स्पष्ट आहे. एफ/२२ वर घेतलेल्या चित्रात ६१ आणि २४ मेगापिक्सेलमधला फरक शोधूनही सापडणे कठीण.

इथे चाणाक्ष विद्यार्थी एक शंका काढतील. अमेरिकेत १९३२ साली अॅन्सेल अॅडम्स, एडवर्ड वेस्टन आदी छायाचित्रकारांनी आपल्या गटाचे नावच 'एफ/६४' ठेवले होते. त्यांची चित्रे तर अतिशय रेखीव! एफ/६४ ला वरील सूत्राने ४३ मायक्रॉन अंतर येते. पण ते मोठ्या कॅमेऱ्यांवर काम करत. ८ × १० इंची निगेटिव्ह कागदावर ठेवून तेवढेच चित्र काढता येई. त्यातले ०.०४३ मिमी डोळ्याला जाणवतच नाहीत. ३६ मिमीचे चित्र ५४ सेंमी करायचे म्हणजे मात्र १५ पट मोठे करावे लागते, आणि त्याबरोबर अस्पष्टपणाही १५ पट वाढतो.

जवळचे फूल, दूरचा डोंगर

मग छिद्र लहान करूच नये, असे कोणी म्हणेल. पण निसर्गदृश्यात ते करावेच लागते. पावसाळ्याच्या अखेरीस साताऱ्याजवळच्या कास पठारावर २ मीटरवरची फुले आणि क्षितिजावरची डोंगररांग एकाच चित्रात घ्यायची आहे असे समजा. भिंग ३५ मिमीचे आहे. दोन्ही सारखी स्पष्ट यावीत म्हणून फोकस ४ मीटरवर ठेवला. अशा वेळी डोंगरावरच्या बिंदूची चकती किती मोठी होईल, हे नाभीय अंतराचा वर्ग भागिले (एफ-आकडा × फोकसचे अंतर) या सूत्राने काढता येते. एफ/११ ला ३५ × ३५ ÷ (११ × ४०००) = ०.०२८ मिमी, म्हणजे २८ मायक्रॉन. फुलाचीही चकती जवळपास तेवढीच. ६१ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात ती सात पिक्सेल रुंद, तर २४ च्या कॅमेऱ्यात सुमारे साडेचार. म्हणजे जास्तीचे पिक्सेल केवळ अस्पष्टपणाच अधिक बारकाईने नोंदवत बसले! छिद्र एफ/२२ केले तर चकती निम्मी होते, पण विवर्तन दुप्पट. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने जाते.

यातून वाट काढता येते. ट्रायपॉडवरून निरनिराळ्या अंतरांवर फोकस करून अनेक चित्रे घ्यायची आणि संगणकावर जोडायची, ही एक रीत. वाऱ्याने फुले डोलत असतील तर मात्र जोड जमत नाही. दुसरी वाट म्हणजे २० मिमीचे भिंग घेणे. तेव्हा एफ/११ ला चकती ९ मायक्रॉनवर येते. पण त्यात डोंगरही लहान दिसतो.

मग निवड कशी करावी?

आधी चित्र किती मोठे छापणार आणि किती अंतरावरून पाहणार, ते ठरवा. नंतर नेहमी कोणत्या एफ-आकड्यावर काम करणार, ते पाहा. या दोन उत्तरांतून मेगापिक्सेलचा आकडा आपोआप निघतो. तक्ते, भित्तिचित्रे आणि पडद्यावर दाखवायची चित्रे यांसाठी २४ पुष्कळ झाले. दूरची दृश्ये एफ/८ ते एफ/११ वर, ट्रायपॉडवरून, उत्तम भिंगाने टिपणाऱ्याला ४५ ते ६१ चा खरा लाभ होईल. हातात धरून चित्रे घेणाऱ्याला तो क्वचितच मिळेल, कारण ३५ मिमीच्या भिंगामागे ३.८ मायक्रॉनचा पिक्सेल म्हणजे अंशाचा सुमारे एकशेसाठावा भाग. हात एवढा हलला तरी एक पिक्सेल पुसट होतो.

साठवणीचाही विचार करा. प्रत्येक पिक्सेलची नोंद १४ बिटांत केली तर ६१ मेगापिक्सेलची न आवळलेली फाइल १०७ मेगाबाइटची होते. २४ ची ४२. त्याऐवजी उजळ आकाश आणि अंधारी दरी एकाच चित्रात सांभाळण्याची संवेदकाची क्षमता, फोकस तपासायला पडद्यावर चित्र मोठे करून पाहण्याची सोय, धूळ-पाण्यापासून संरक्षण या गोष्टी पाहा. बॉडीवर वाचलेले पैसे भिंग आणि भक्कम ट्रायपॉड यांवर घाला.

कॅमेरा मिळाला, की वर्तमानपत्राचे पान भिंतीवर लावून एफ/५.६ पासून एफ/२२ पर्यंत त्याची चित्रे ट्रायपॉडवरून घ्या आणि मोठी करून वाचा. अक्षरे कोणत्या आकड्याला सर्वांत रेखीव आहेत आणि कोणत्या आकड्यापासून पुसट होऊ लागतात, याची नोंद विद्यार्थ्यांनाच करू द्या. तो कागद कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवला, तर डोंगरावर गेल्यावर छिद्र किती ठेवायचे हे कोणाला विचारावे लागणार नाही.