मटणाचे हाड कुत्र्याला टाकण्यापूर्वी

आपल्या चाळींतून, वस्त्यांतून कुत्रा पाळणारी घरे पुष्कळ आहेत. कुणी रस्त्यावरचे पिल्लू उचलून आणलेले असते, तर कुणी राखणीसाठी कुत्रा ठेवलेला असतो. रविवारी घरात मटण शिजले, की ताटातली हाडे त्याच्यापुढे जातात. आपण खाल्ले, मुक्या जिवानेही खावे, ही त्यामागची भावना चांगलीच आहे. परंतु शिजलेले हाड कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते, हे अनेकांना ठाऊक नसते.

चघळणे ही गरजच

पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के दात येतात. या काळात त्याच्या हिरड्या शिवशिवतात. मग चप्पल, दप्तराचा पट्टा, विजेची वायर, जे सापडेल ते तो चावतो. त्याला मारून उपयोग नाही. त्याला चावण्याजोगी वस्तू दिली पाहिजे. मोठ्या कुत्र्यालाही, विशेषतः दिवसभर बांधून ठेवलेल्याला, चघळण्याने विरंगुळा मिळतो आणि तो शांत राहतो.

हाड का नको?

शिजल्यावर हाड ठिसूळ होते. चावताना त्याच्या अणकुचीदार कपच्या निघतात. त्या घशात अडकतात, आतड्याला भोक पाडतात. कोंबडीच्या हाडाचेही तेच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ साली दुकानात पाकिटातून मिळणाऱ्या, भाजलेल्या व धुरावर वाळवलेल्या हाडांविषयी लोकांना सावध केले. त्यांच्याकडे सुमारे ६८ तक्रारी आल्या होत्या. त्यांत ९० च्या आसपास कुत्री आजारी पडली आणि सुमारे १५ दगावली.

"गावाकडची कुत्री हाडे खाऊनच जगली," असे वडीलधारी मंडळी म्हणतात. जगली ती डोळ्यांसमोर राहिली. जी तडफडून मेली, त्यांचा हिशेब कुणी ठेवला?

टिकाऊ म्हणजे दगड नव्हे

जितके कठीण तितके जास्त दिवस टिकेल, असे समजून म्हशीची नळी किंवा शिंग आणले जाते. अशा वस्तूवर कुत्र्याची वरची मोठी दाढ फुटते. सोपी परीक्षा अशी: वस्तूवर आपले नख जोरात दाबावे. थोडीही खूण उमटत नसेल, तर ती दातांसाठी फार कठीण समजावी. हरणाची शिंगे परदेशात याच कामासाठी विकली जातात. आपल्याकडे मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांच्या व्यापाराला बंदी आहे. ती कुणी आणून दिली तरी घेऊ नयेत.

बाजारात कच्च्या कातड्याच्या पांढऱ्या गाठी मिळतात. त्या टिकतात खऱ्या, पण भिजून चिवट झालेला तुकडा कुत्रा गिळतो. तो लवकर पचत नाही, अडकून बसतो. आंब्याची कोय आणि मक्याच्या कणसाचा दाणे काढलेला दांडा यांनीही आतडे बंद पडते. म्हणून या वस्तू कचऱ्याच्या झाकलेल्या डब्यातच टाकाव्यात.

मग द्यावे काय?

पिल्लासाठी थंड गाजर उत्तम. स्वच्छ जाड फडके भिजवून, पिळून, फ्रीजरमध्ये गोठवले तरी हिरड्यांना आराम पडतो. मात्र ते फाडून गिळू देऊ नये. रताळ्याच्या जाड चकत्या किंचित उकडून, पातळ कापडाखाली उन्हात चामट होईपर्यंत वाळवल्या, तर घरच्या घरी स्वस्त वस्तू तयार होते.

मोठ्या कुत्र्यासाठी म्हशीची वाळवलेली श्वासनलिका मिळते. ती हाडाची नसून, आपल्या कानाच्या वरच्या भागासारख्या लवचीक कुर्चेची असते. दुसरी वस्तू छुर्पी. नेपाळ, सिक्कीम, दार्जिलिंगकडे याकच्या व गाईच्या दुधाचा चोथा दाबून, वाळवून ही कडक वडी करतात. तिकडची माणसेही ती चघळतात. ती बरीच टिकते, पण कोरडी असताना नखाला दाद देत नाही. म्हणून कोमट पाण्यात भिजवून, वरून मऊ झाल्यावरच द्यावी. पिल्लाला आणि दात झिजलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला देऊ नये.

पाकिटावरची किंमत पाहून घाबरू नये, भुलूही नये. किंमतीला ती वस्तू किती दिवस पुरली, त्या दिवसांनी भागावे. महागडी वस्तू चार दिवसांत संपत असेल, तर गाजर-रताळेच परवडते.

हे नियम पाळा

वस्तू कुत्र्याच्या तोंडापेक्षा मोठी असावी. रोज पंधरा-वीस मिनिटे पुरेत, आणि तेवढा वेळ कुणीतरी मोठे माणूस जवळ असावे. तुकडा अख्खा गिळता येईल इतका लहान झाला, की काढून घ्यावा. तो हिसकावू नये. दुसरा खाऊ दाखवून सोडवावा.

कुत्रा चघळत असताना लहान मुलांना त्याच्याजवळ जाऊ देऊ नये. गरीब कुत्राही अशा वेळी चावतो. चावल्यास जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना लावत बसू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करावी. आपल्या कुत्र्यालाही ही लस वेळेवर टोचून घ्यावी.

कुत्रा वारंवार ओकत असेल, खात नसेल, कुंथूनही शौचास होत नसेल किंवा लाळ गाळत पंजाने तोंड ओरबाडत असेल, तर काहीतरी अडकले असे समजावे. मीठ-पाणी पाजून ओकारी काढू नये, त्याने अधिक इजा होते. तालुक्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. मुंबईकरांना परळचे बैलघोडा हॉस्पिटल ठाऊकच आहे. सकाळपर्यंत वाट पाहण्यात पुष्कळ जनावरे हातची जातात.

येत्या रविवारी हाडे कागदात गुंडाळून कचऱ्यात टाका, आणि कुत्र्यापुढे एक गाजर ठेवा.