दगड हातातून सोडताना

कॅरमचा स्ट्रायकर किती जोरात मारायचा, हे आपल्याला कुणी शिकवत नाही. बोटांनाच ते हळूहळू कळतं. आता असं समजा, की तो स्ट्रायकर अठरा-एकोणीस किलोंचा दगड आहे, बोर्ड दीडशे फूट लांब आहे, बर्फाचा आहे आणि आपण स्वतःही त्या बोर्डावर उभे आहोत. कर्लिंग हा खेळ साधारण असा असतो.

एका हिवाळ्यात मी मुलीकडे कॅनडात, विनिपेगला होते. बाहेर उणे तीस. वय एकसष्ट, उजवा गुडघा कुरकुरणारा. त्यामुळे जावयांनी नवशिक्यांच्या वर्गात माझं नाव घातलं, तेव्हा "मी नुसती बघत बसेन हं" असं बजावूनच घरून निघाले.

तिथे पहिलं आश्चर्य बर्फाचं. मला वाटलं होतं, आरशासारखा गुळगुळीत असेल. पण आपल्याकडे शेतात औषध फवारतात ना, तशी टाकी पाठीला लावून एक गृहस्थ बर्फावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडत उलट्या पावलांनी चालले होते. ते थेंब गोठून बर्फावर पुरळासारखे उंचवटे येतात. दगडाचा तळ वाटीसारखा खोलगट असतो, फक्त एक अरुंद कडं टेकतं. ते कडं या उंचवट्यांवरून सरकतं, म्हणून दगड दूर जातो. सपाट बर्फावर तो अर्ध्यातच थांबेल. ऑलिंपिकसाठीचे दगड स्कॉटलंडच्या किनाऱ्यापलीकडच्या एल्सा क्रेग नावाच्या ओसाड बेटावरच्या ग्रॅनाइटचे असतात. खेळही मूळचा स्कॉटलंडचाच, गोठलेल्या तळ्यांवरचा.

दुसरा धडा पायांचा. एका बुटाचा तळ घसरणारा, दुसऱ्याचा रबरी. बर्फावर उतरताना रबरी पाय आधी! नवशिका पडतो तो बहुधा मागे, डोक्यावर. म्हणून हेल्मेट घातलेलं बरं. मग रबरी खाचेत एक पाय रोवून उकिडवं बसायचं, त्या पायाने रेटा द्यायचा आणि दगडाबरोबर घसरत जायचं. जोर पायाचा, हाताकडे फक्त दिशा. मुठीचं टोक घड्याळातल्या दहावर किंवा दोनवर धरायचं आणि सोडताना बारावर आणायचं. एवढ्याशा पिळाने दगड पुढे जाऊन वळतो. घरी करून बघा. पालथा पेला काट्यांच्या दिशेने फिरवत टेबलावर सरकवला, तर तो डावीकडे वळेल. कर्लिंगचा दगड मात्र उजवीकडे वळतो. का, यावर भौतिकशास्त्रज्ञ अजून भांडताहेत!

माझा गुडघा उकिडवं बसू देईना. आमच्या शिक्षिका माझ्याहूनही मोठ्या, सत्तरीच्या. त्यांनी न बोलता एक लांब दांडा आणून दिला. तो मुठीत अडकवायचा, चालत जायचं आणि दगड सोडायचा. चाकाच्या खुर्चीतले खेळाडू असाच दांडा वापरतात. पॅरालिंपिकमध्ये 2006 पासून त्यांची स्पर्धा आहे. दोन्ही पायांत रबरी तळ घालून मी उभी राहिले.

पहिला दगड पलीकडच्या हॉग लाइनपर्यंतही पोचला नाही, म्हणजे बाद. दुसरा वर्तुळं ओलांडून थेट मागच्या फळीवर. शिक्षिका म्हणाल्या, "तुम्ही शेवटच्या क्षणी ढकलता. त्याच्याबरोबर चाला आणि मग सोडून द्या." ऐकायला सोपं. पण हातातली वस्तू न ढकलता सोडणं माझ्या हाताला ठाऊकच नव्हतं. आठव्या-नवव्या दगडाला ते एकदा जमलं. दगड सावकाश गेला, वळला आणि बाहेरच्या वर्तुळात थांबला. मी तिथेच टाळ्या वाजवल्या.

शेवटी छोटा सामना झाला. एका संघात चौघं, प्रत्येकाचे दोन दगड. प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत जवळच्या दगडापेक्षा आपले जितके दगड केंद्राजवळ, तितके गुण. माझ्याकडे ब्रश आला. धावत्या दगडापुढे बर्फ घासला की तो किंचित तापतो, दगड लांब आणि सरळ जातो. मी घासत होते आणि माझा ब्रश दगडाला निसटता लागला. कुणी पाहिलं नाही. मीही गप्प राहिले. तोच दगड केंद्राजवळ थांबला आणि आम्ही एका गुणाने जिंकलो.

नंतर जावई सहज सांगत होते, इथे क्लबात पंच नसतो. दगडाला ज्याचा स्पर्श झाला त्यानेच सांगायचं आणि तो दगड काढून घ्यायचा. माझा घास घशातच अडकला. उठून मी समोरच्या संघाच्या कप्तानाकडे गेले, मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. पंचविशीतली पोरगी ती. हसली नाही की रागावली नाही. म्हणाली, "पुढच्या वेळी बर्फावरच सांगा." मग टेबलावरचा रिकामा पेला माझ्याकडे सरकवला. जिंकणाऱ्यांनी हरलेल्यांना पाजायचं, असा इथला रिवाज आहे म्हणे. चार कॉफ्यांचे पैसे मी दिले आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा गेले.