मसाई घरातला पाहुणा : स्वयंसेवा नेमकी कोणाची?

दरवर्षी युरोप-अमेरिकेतील विद्यार्थ्यांचे गट केनिया आणि टांझानियात येतात. दोन-तीन आठवडे मसाई कुटुंबाकडे राहायचे, सकाळी शाळेत इंग्रजी शिकवायचे किंवा भिंत रंगवायची, संध्याकाळी गुरांचा कळप परतताना बघायचा आणि शेवटी सफारी. याला ते 'स्वयंसेवा सहल' म्हणतात. आपल्याकडील समाजकार्याच्या आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही अशा संधी खुणावतात. म्हणून हा प्रकार नीट समजून घेतला पाहिजे.

घर आणि त्यातले श्रम

मसाई हा प्रामुख्याने गुरे पाळणारा समाज. 'मा' ही त्यांची भाषा. काटेरी कुंपणाच्या आत गोलाकार वसलेल्या घरांच्या वस्तीला 'एन्कांग' म्हणतात. रात्री गुरे याच कुंपणाच्या आत येतात. काठ्या, माती आणि शेण यांची ठेंगणी घरे बायका स्वतः बांधतात आणि लिंपतात. लहान मुले थोरांपुढे डोके झुकवतात आणि थोर माणूस त्यावर तळहात ठेवतो, हा तिथला नमस्कार. दूध हे अन्नही आहे आणि प्रतिष्ठाही.

घर बाईच्या हातचे असते आणि पाहुणचाराचा भारही तिच्यावरच पडतो. चार पाहुणे वाढले की पाणी वाढते, सरपण वाढते, स्वयंपाक वाढतो. विहीर किंवा ओढा दूर असेल तर पाहुण्याच्या एका बादली आंघोळीची किंमत तिची पायपीट असते. म्हणून 'कुटुंबाला पैसे मिळतात' एवढे उत्तर पुरेसे नाही. घरातल्या कोणाच्या हातात मिळतात, हे विचारायला हवे. गाव दाखवण्याचे पैसे मध्यस्थ आणि गाडीचालक परस्पर ठेवतात, ही मसाई मारा परिसरातली जुनी तक्रार आहे.

जी गोष्ट सहलीत सांगत नाहीत

पाहुण्यांना मसाईंचे लाल कपडे, मण्यांचे दागिने आणि उड्यांचे नृत्य दिसते. ते नृत्य मुळात तरुण योद्ध्यांच्या संस्कारविधीशी जोडलेले आहे. पाहुण्यांसाठी मात्र ते केव्हाही होते. जमिनीचा इतिहास बहुधा कोणी सांगत नाही.

१९०४ च्या करारान्वये ब्रिटिशांनी मसाईंना रिफ्ट खोऱ्यातील उत्तम कुरणांतून हलवले आणि ती जमीन गोऱ्या वसाहतदारांना दिली. बदल्यात दिलेला उत्तरेकडील लायकिपियाचा भागही १९११ च्या दुसऱ्या कराराने काढून घेतला. मसाई याविरुद्ध न्यायालयात गेले. हा परकीय सत्तेशी झालेला करार आहे, त्यात न्यायालयाला हात घालता येत नाही, असे सांगून त्यांचा दावा फेटाळला गेला. शेजारच्या टांझानियात १९५९ मध्ये मसाईंना सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानाबाहेर काढून न्गोरोंगोरोत राहण्याचा हक्क दिला गेला. २०२२ पासून तिथूनही त्यांना शेकडो किलोमीटर दूर म्सोमेरा येथे हलवायला सुरुवात झाली. जून २०२२ मध्ये लोलिओंडो येथे १,५०० चौरस किलोमीटर जमिनीची आखणी सुरू झाली. मसाईंनी विरोध केला तेव्हा पोलिसांनी गोळीबार केला.

म्हणजे ज्या सफारीने सहलीचा शेवट होतो, त्या जंगलाच्या हद्दी मसाईंच्या विस्थापनातून आखल्या गेल्या आहेत. हे माहीत नसेल, तर त्यांची गरिबी ही 'परंपरेमुळे आलेली' वाटते आणि भिंत रंगवणे हा त्यावरचा उपाय वाटतो.

मदत की अनुभव?

मसाई काळाच्या मागे थांबलेले नाहीत. गुराख्याच्या हातात मोबाईल असतो. २००७ पासून केनियात आलेल्या एम-पेसामुळे गुरांचे व्यवहारही फोनवरून होतात. त्यांच्यात वकील आहेत, शिक्षिका आहेत, जमिनीसाठी लढणाऱ्या संघटना आहेत. गवंडीही आहेत. वीस वर्षांच्या नवख्या विद्यार्थ्याने विटा रचल्या की स्थानिक गवंड्याचा रोज बुडतो. दर पंधरवड्याला नवा 'शिक्षक' आला की मुले तीच अक्षरे आणि तीच गाणी पुन्हा शिकतात. शाळेला हवा असतो वर्षभर टिकणारा, पगार मिळणारा शिक्षक.

याचा अर्थ जाऊ नये असा नाही. एकमेकांच्या घरी राहिल्याने पूर्वग्रह तुटतात. पण शिकायला जात असाल तर शिकायला जातो असेच म्हणा. त्याला उपकाराचे नाव देऊ नका.

जाण्यापूर्वी हे विचारा

१. हे काम गावाने मागितले आहे की संस्थेने ठरवले आहे?
२. तेच काम करणारा स्थानिक माणूस आहे का? असल्यास त्याला मजुरी का देत नाही?
३. आपल्या शुल्कातील किती वाटा यजमान कुटुंबाला आणि त्यातल्या बाईला मिळतो?
४. मुलांचे फोटो कोणाच्या संमतीने काढायचे आणि कुठे वापरायचे?
५. आपण परतल्यावर हे काम कोण पुढे नेणार?

या प्रश्नांची सरळ उत्तरे न देणाऱ्या संस्थेकडे पैसे भरू नयेत. आणि हेच पाच प्रश्न आपल्या तालुक्यातील पाड्यावर किंवा वस्तीत शिबिर घेण्यापूर्वी आपण स्वतःलाही विचारायला हरकत नाही. ज्या समाजाने 'पाहणी' करणारे पाहुणे पिढ्यान्पिढ्या सहन केले, त्याच्या दारात जाताना वही-पेन आधी काढावे आणि कॅमेरा शेवटी, तोही विचारूनच.